जुन्या गावठाणातील कडी

गेले काही महिने मी एक भयकथा लिहीत आहे. तिच्यातील म्हातारा, स्मृतिभ्रंशामुळे सुनेचे नावही विसरलेला, एका रात्री किल्लारी परिसरातील आपल्या जुन्या गावठाणात परततो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर काही तासांतच झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि पुढे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. हे सारे तो विसरला आहे. मात्र नावे पुसली गेली तरी हातांची सवय पुष्कळदा टिकून राहते, हे या विकाराचे वास्तव मला कोणत्याही भुतापेक्षा अधिक भयावह वाटते. (भूत आणण्याचा मोह पहिल्या खर्ड्यात आवरला, दुसऱ्यात आवरला नाही.) बाभळींच्या दाटीत, पूर्वी जिथे ठेंगणी चौकट होती नेमका तिथे, तो कपाळ लागू नये म्हणून वाकतो आणि नसलेल्या दारावर कडी वाजवल्यासारखा हात हलवतो. आतून कोणीतरी, झोपमोड झाल्याच्या वैतागाने, अडसर काढते.