आमची वाटचाल : बेव्हल आरशांपासून काचशिल्पांपर्यंत

आमची सुरुवात आरशांच्या बेव्हलिंगची, म्हणजे कडा तिरप्या घासण्याची, आणि टेबलटॉपच्या कडा पॉलिश करण्याची. सरळ कडा मारणारी स्वयंचलित मशिनं आली आणि फुटाच्या भावात हाताचं काम परवडेनासं झालं. जाड, वाकड्या, एकच नग असलेल्या कामांच्या वाटेला मात्र ती मशिनं जात नाहीत. मधे ट्रॉफ्या केल्या, पण चीनहून तयार क्रिस्टलचे ठोकळे येऊ लागल्यावर त्यात काही उरेना. आता शेडमधलं बहुतेक काम शिल्पकारांचं आहे. भट्टीत साच्यात उतरवलेली काच थंड होऊन आमच्याकडे येते आणि पुढचा आकार कापून, घासून निघतो. यालाच कोल्ड वर्क म्हणतात.

महाराष्ट्राला काच नवी नाही. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा तळेगावचा काच कारखाना १९०८ मधला, पण तिथलं काम भट्टीवरचं. ऑप्टिकल (भिंगांसाठी वापरतात तशी नितळ) काच कापून-घासून शिल्प करण्याचा वारसा चेक आणि स्लोवाक लोकांचा. चेक काचशिल्पकार व्हात्स्लाव त्सिग्लर १९६५ पासून ब्रातिस्लाव्हाच्या कला अकादमीत शिकवत. त्यांच्यासारखं आरस्पानी काम हवं असेल तर पॉलिशच्या आधीचं घासकाम चोख लागतं, आणि पैसेही तिथेच लागतात.

ठोकळा आला की पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे एकमेकांना काटकोनात धरून, मागे एलईडी पॅनल लावून, मधे तो पाहतो. नीट अनील झालेली, म्हणजे आतला ताण जाईल इतकी सावकाश थंड केलेली, काच काळी दिसते. कोपऱ्याला पांढरे किंवा रंगीत पट्टे दिसले तर आत ताण आहे. असा ठोकळा करवतीखाली तडकतो, म्हणून परत भट्टीत पाठवतो. जाडी दुप्पट झाली की थंड करायचा वेळ साधारण चौपट धरावा लागतो, आणि घाई नेमकी तिथेच होते. टफन्ड (तापवून झटकन थंड करून कडक केलेली) काच आम्ही घेतच नाही, कापायला गेलं की चुरा होतो.

कापणी डायमंड ब्लेडवर, अखंड पाण्यात. मग प्रत्येक कडेची धार ४५ अंशांत मिलिमीटरभर मोडतो, नाहीतर पहिल्याच घासणीला टवका उडतो. बिडाच्या फिरत्या चकतीवर सिलिकॉन कार्बाइडची घासपूड आणि पाणी, क्रमाने ८०, २२०, ४००, ६०० ग्रिट; आकडा मोठा तितके कण बारीक. दर टप्प्याआधी पृष्ठभागावर मार्करने जाळी मारतो. जाळी सगळीकडून सारखी गेली म्हणजे बाजू सपाट आली. आधीच्या ग्रिटचे चरे गेलेत का, हे मात्र काच कोरडी करून, तिरप्या उजेडात भिंगाने बघतो. ८० वरच सर्वांत जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. दिसणाऱ्या चऱ्याखाली बारीक भेगा आणखी खोल असतात. त्या राहिल्या की पॉलिशनंतर पांढरे ठिपके उमटतात आणि काम पुन्हा २२० वर न्यावं लागतं. ग्रिट बदलताना काच, चकती, हात, ॲप्रन सगळं धुवायचं. ८० चा एक कण ६०० मध्ये गेला तर लांब ओरखडा ठरलेला. बादल्या आणि ब्रशही ग्रिटप्रमाणे वेगळे.

त्यानंतर प्युमिस दगडाची पूड, आणि शेवटी फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) चाकावर सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूड, पाण्यात ताकाइतकी पातळ करून. फेल्ट कोरडं पडलं की एकाच जागी उष्णता साठते आणि तयार काम तडकतं. सगळ्याच बाजू चकचकीत करू नयेत, असं आमचं मत. एखादी बाजू ६०० वर मॅट ठेवली तर उजेड आत अडतो आणि आकार दिसतो. शिवाय खर्च वाचतो, हे ग्राहकाला लवकर पटतं!

कोरडं ग्राइंडिंग शेडमध्ये बंद आहे. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. सगळीकडे पाणी असल्यामुळे प्रत्येक मशीनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. गाळ गटारात सोडत नाही, पाइपात दगडासारखा बसतो. तीन टाक्यांत निवळून काढतो.

दर वजनावर नाही, पृष्ठभागावर असतो. आतल्या वळणांचा दर जास्त, कारण तिथे सपाट चकती पोचत नाही. ३०० × ३०० × १०० मिलिमीटरचा ठोकळा साधारण साडेबावीस किलोचा, म्हणून उचलायला दोघं आणि खाली रबर. चौकशी करताना काचेचा प्रकार, अनीलिंगचा तक्ता आणि कुठली बाजू किती ग्रिटवर सोडायची एवढं कळवावं.