ॲल्युमिनियमवर क्लिअर मारायचा का?

मोटारसायकल बंदरावर उभी केली की कोणीतरी जवळ येतं, इंजिनाच्या टायमिंग कव्हरमध्ये स्वतःचा चेहरा बघतं आणि विचारतं, "यावर क्लिअर मारलाय का? नसेल तर मारा की, सारखं घासायला नको." तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो. आरशासारख्या पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या इंजिन कव्हरवर मी क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, मारत नाही, आणि तुम्हीही मारू नये असं मला मनापासून वाटतं.

एकदा मारला होता. वडिलांची साडेतीनशेची बुलेट बरीच वर्षं पडवीत उभी होती. ती पुन्हा चालू करायला घेतली तेव्हा टायमिंगचं, गिअरबॉक्सचं आणि क्लचचं अशी तिन्ही कव्हरं उतरवली, 220 पासून 1000 पर्यंत वॉटर पेपर फिरवले आणि मग बफिंग केलं, म्हणजे फिरत्या कापडी चाकाला पॉलिशची वडी लावून चकाकी आणली. चार रविवार गेले. आमचं घर रत्नागिरीत, समुद्राच्या अंगाला. एवढी मेहनत खाऱ्या वाऱ्याच्या हवाली करवेना, म्हणून क्लिअरचा स्प्रे आणून दोन हात मारले. मे महिन्यात गाडी देखणी दिसत होती. दिवाळीला पाहिलं तर क्लिअरच्या आत पांढरट नागमोडी रेघा उठलेल्या. लिंबाच्या पानावर नागअळी फिरून गेल्यावर दिसतात, अगदी तशा. प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या स्क्रूच्या भोकापासून नाहीतर खडा लागून उडालेल्या टवक्यापासून निघाली होती. कार्ब्युरेटरखाली जिथे पेट्रोल ओघळलं होतं, तिथे थर मऊ पडून चिकट झाला होता.

असं का होतं ते कळायला ॲल्युमिनियमचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. या धातूला हवा लागली की तत्क्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण तो घट्ट धरून बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. इथे तसं होत नाही. पण हा पापुद्रा आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. आई जर्मनच्या टोपाला कधी चिंच लावायची नाही की राखेने घासायची नाही. ते पितळेचं काम, म्हणायची. तोच नियम गाडीला. सोड्याची पावडर, वॉशिंग सेंटरवर चाकांना मारतात ते ॲसिड, घराचं काम चालू असताना उडालेलं ओलं सिमेंट, यांतलं काहीही उघड्या ॲल्युमिनियमवर राहू देऊ नका. आणि मीठ तर या पापुद्र्याला ठिकठिकाणी टोचे मारतं. तिथून बारीक खड्डे पडायला सुरुवात होते.

मग वरून क्लिअर झाकला तर मीठ बाहेर राहील, असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी की आरशासारख्या पृष्ठभागावर थराला धरायला काही नसतं. बफिंगच्या वडीतलं मेण सूक्ष्म छिद्रांत उरलेलं असेल तर आणखीच कठीण. कडेला किंवा टवक्यापाशी खारट ओल आत शिरते आणि थराखालून पुढे सरकत जाते. तिच्या टोकाशी आम्ल तयार होतं, ते पुढचा धातू खातं आणि मागे पांढरी भुकटी उरते. याला हवेत 75 टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो, आणि कोकणात पावसाळ्यात तो आयताच मिळतो. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी जपानी मोटारसायकलींच्या इंजिन कव्हरवर कारखान्यातूनच क्लिअर यायचा. त्या गाड्या जतन करणाऱ्यांना आज तोच पिवळा पडलेला, पोपडे धरलेला थर आधी उतरवावा लागतो. डायमंड कट अलॉय व्हीलवर, म्हणजे लेथवर कापून चकाकी आणलेल्या आणि वर क्लिअर मारलेल्या चाकांवरही, हीच नागमोडी दिसते.

उघडं ॲल्युमिनियम काळवंडलं तर अर्ध्या तासात उजळतं. क्लिअरखाली बिघडलेलं कव्हर मात्र उतरवून, स्ट्रिपर (थर उतरवणारं रसायन) लावून, पुन्हा 320 च्या पेपरपासून सुरू करावं लागतं. माझ्या मते निर्णय इथेच होतो.

ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या मदतीने तोच ऑक्साइडचा पापुद्रा जाड करणं, करून घ्यावं का, असंही काही जण विचारतात. फोर्ज केलेल्या किंवा पट्टीतून कापलेल्या भागांसाठी ते उत्तमच. कव्हरं मात्र ओतीव असतात, त्यांत सिलिकॉन बरंच असतं, आणि ॲनोडायझिंगनंतर ती राखाडी, मंद दिसतात. आरसा गेला तो गेला.

तरीही क्लिअर हवाच असेल, रोज समुद्राकाठून येणं-जाणं असेल आणि घासायला वेळ नसेल, तर आरशाचा मोह सोडा. कव्हर उतरवा. जुन्या ओतीव भागाने तेल पिऊन ठेवलेलं असतं. ते गरम करा, तेल घामासारखं वर येईल, पुसा, पुन्हा गरम करा. मग करड्या स्कॉचब्राइटने (खरखरीत घासणीने) एकाच दिशेने घासून सॅटिन फिनिश, म्हणजे मंद चमक, आणा, धारदार कडा किंचित गोल करा. शेवटी ॲसिटोनने पुसून घ्या. रॉकेल नको, त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी थर द्यायचा, तोही हार्डनर घालून वापरतात तो टूके पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) क्लिअर. तो पेट्रोलला दाद देत नाही. पातळ दोन हात, स्क्रूच्या भोकांच्या कडांसकट, आणि बसवताना स्क्रूखाली फायबरचे वॉशर. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो: टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून अंगणात मारायची ही गोष्ट नाही. स्प्रे बूथ (रंग मारायची बंद खोली) आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडेच द्या. आणि सिलिंडर हेडला, बॅरलला कुठलाच क्लिअर नको. त्यांना उष्णता बाहेर टाकू द्या.

माझं स्वतःचं आता ठरून गेलंय. समुद्राकडून आलो की गोड्या पाण्याने धुतो आणि फडक्याने कोरडं करतो, स्क्रूच्या खाचांसकट. कव्हरांवर आणि फोर्कच्या खालच्या नळ्यांवर कार्नोबा मेणाचा हात देतो. हे मेण 80 अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून हेडच्या वाटेला जात नाही. मृग लागायच्या आधी मेणाचा जाड थर देऊन तो न पुसता तसाच ठेवतो. पावसाळाभर गाडी मळकट दिसते, दिसू दे.

गणपतीच्या आदल्या दिवशी घरात मखराची गडबड चालू असते तेव्हा मी पडवीत बसून जुन्या धोतराच्या तुकड्याने ते मेण काढतो आणि पॉलिश लावतो. पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच फडकं काळंकुट्ट होतं. मागच्या वर्षी मुलीने दुसरं टोक धरलं, आणि क्लचचं कव्हर तिनेच पूर्ण केलं.