रविवारचा तीनचा शो

मे २००७. पुण्यातल्या एका एकपडदा थिएटरात मी ऑपरेटर होतो. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'चा तिसरा भाग, 'ॲट वर्ल्ड्स एन्ड', लागणार होता आणि आमच्या मॅनेजरांची झोप उडाली होती. सिनेमा १६९ मिनिटांचा. त्यात मध्यंतर, स्लाइडच्या जाहिराती, ट्रेलर. दिवसाला चार खेळ बसवायचे, तर दोन खेळांच्या मध्ये हॉल झाडायलाही वेळ उरत नव्हता.

आता ऐकून गंमत वाटेल, पण तेव्हा सिनेमाला वजन असायचं. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. म्हणजे हा सिनेमा पंधरा हजार फुटांच्या वर, साडेचार किलोमीटरहून लांब. पत्र्याच्या पेट्यांतून डबे यायचे, ते जिन्याने वर केबिनमध्ये न्यायचे, दोन-तीन रिळं जोडून एकेका मोठ्या स्पूलवर चढवायची आणि मग दोन मशीनवर आलटून पालटून चालवायची. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका उमटला की दुसरं मशीन सुरू करायचं, सातेक सेकंदांनी पुन्हा ठिपका आला की चेंजओव्हर. प्रेक्षकाला तो ठिपका दिसत नाही. एकदा कळला की मात्र जन्मभर दिसत राहतो.

रिळं जोडतानाच शेवटच्या डब्यात मला ते सापडलं. काळ्यावर पांढरी नावं, फूटच्या फूट नावंच, आणि ती संपल्यावर पुन्हा चित्रं. दिव्यासमोर धरून पाहिलं: समुद्र, कडा, एक बाई, एक मुलगा. नावांनंतर सिनेमा शिल्लक होता! मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, "नावं सुरू झाली की लाइट लावायचे आणि एक्झिट उघडायचे. नावं वाचायला कोण तिकीट काढतं?" आपल्याकडे तीच रीत होती. त्यामुळे शुक्रवार-शनिवारच्या लोकांसाठी जॅक स्पॅरो होडक्यात नकाशा उलगडून निघून गेला, तिथेच गोष्ट संपली.

रविवारी तीनच्या खेळाला बाल्कनी भरलेली होती. मध्यंतरानंतर समुद्री चाच्यांची सभा भरते. जगभरातल्या समुद्रांचे नऊ सरदार जमतात, त्यांत हिंदी महासागराचा एक असतो: पागोटं, दाढी, दागिने. त्याला सगळे 'श्री सुंभाजी' म्हणतात. तो स्वतः बोलत नाही, बाजूचा माणूस त्याच्या वतीने बोलतो. हा माणूस 'नियमावली गेली खड्ड्यात' अशा अर्थाचं काही म्हणतो आणि कॅप्टन टीग, म्हणजे गिटारवाला कीथ रिचर्ड्स, त्याला तिथल्या तिथे गोळी घालतो. नंतर सुंभाजी एकदाच तोंड उघडतो, तर आवाज अगदी बारीक, चिरका. हॉल हसतो. मशीनच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही, पण डोअरकीपरने सांगितलं की त्या वेळी बाल्कनीतले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "अरे, हा आपला संभाजी आंग्रे!" मागून दोघा-तिघांनी त्यांना गप्प केलं.

खेळ संपत आला. नावं सुरू झाली, एक्झिट उघडले, लोक उठले. मी खिडकीतून पाहिलं तर आजोबा कठड्यापाशी उभे राहून नावं वाचत होते. शेजारी नात, तीही वाचत होती. माझा हात लाइटच्या बटणावर होता, तो मी काढून घेतला. इंटरकॉम वाजायला लागला. वाजू दिला.

आठ-दहा मिनिटं नावं चालली. मग कडा आला, सूर्यास्त आला, हिरवा झोत आला आणि दहा वर्षांनी, फक्त एका दिवसासाठी, विल टर्नर, त्या कड्यावरच्या बाईचा नवरा, जहाजाच्या दोरांना धरून किनाऱ्याकडे येताना दिसला. खाली झाडूवाल्या बाई झाडू टेकून बघत उभ्या राहिल्या.

नंतर आजोबा केबिनच्या दारात. "अहो ऑपरेटर, तो सुंभाजी पुन्हा दाखवता येईल का?" शो लावणं शक्यच नव्हतं. पण ते स्पूल मला उलटं गुंडाळायचंच होतं आणि सभेचं दृश्य एका जोडाच्या जवळ होतं, ते सापडलं. फिल्म दिव्यावर धरली. ही सिनेमास्कोपची प्रिंट, म्हणजे चित्र फिल्मवर आडवं आवळलेलं असतं, पुढची लेन्स ते पडद्यावर पसरवते. आजोबा चष्मा वर करून बघत राहिले. "इथे तरी बारीक केलाय त्याला," म्हणाले.

गृहस्थ अलिबागचे, कस्टम्समधून निवृत्त झालेले. "कान्होजींची समाधी आमच्या गावात आहे. हा त्यांचा मुलगा. १७३५ साली यानं ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' जहाज धरलं होतं. इंग्रज यांना चाचे म्हणायचे, आंग्रिया म्हणून लिहायचे. का, तर हे दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, मागायचे. दस्तक नसेल तर जहाज जप्त. अहो, मी नोकरीभर दुसरं काय केलं?"

नातीने विचारलं, "पण आजोबा, सिनेमात तर कंपनीच वाईट आहे ना? तिचं जहाज फुटतं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"फुटलं ते सिनेमात. खरं जळलं ते आंग्र्यांचं आरमार. फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. तेव्हा तुळाजी होता, याचा भाऊ. समुद्रातून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. तुमच्या पुण्याची."

मी सांगलीचा आहे. पण त्या क्षणी ते सांगायला जीभ रेटली नाही.

"मग सुंभाजीचं नाव सापडलं का पाटीत?" मी विचारलं. "छे. एवढ्या वेगात कसं सापडतंय? हजारभर माणसं होती." ते नातीला घेऊन जिना उतरले, तेवढ्यात मॅनेजर वर येत होते. सहाच्या खेळाचे लोक पोर्चमध्ये ताटकळले होते. मला जे ऐकायला लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटी असतं काय एवढं?" मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे त्याची बायको वाट बघते? दहा वर्षं?"

सोमवारपासून त्यांनी स्लाइडच्या जाहिराती निम्म्या केल्या. नावं सुरू झाली की आमचा डोअरकीपर एक्झिटला पाठ लावून उभा राहायचा आणि उठणाऱ्या लोकांना ओरडून सांगायचा, "बसा हो बसा, तिचा नवरा यायचाय अजून!"