सहा महिन्यांत तीन बेल्ट

गाडी पेट्रोलची, वीस वर्षांहून जुनी. क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्यावरचं चाक), वॉटर पंप आणि अल्टरनेटर (बॅटरी भरणारं जनित्र) या तिघांवरून फिरणारा एकच व्ही-बेल्ट. तक्रारही जुनीच होती. सकाळी सुरू करताना बेल्ट किंचाळतो, रात्री हेडलाइट लावले की चार्जिंगचा दिवा लुकलुकतो. मालकाची मागणी माफक होती : "बेल्ट जरा टाइट करून द्या, एवढंच."

बेल्ट टाइटच होता. सर्वांत लांब टप्प्याच्या मधोमध अंगठ्याने जोर देऊन दाबला, म्हणजे साधारण दहा किलोचा दाब, तर असा बेल्ट १० ते १२ मिलिमीटर दबायला हवा. हा जेमतेम तीन मिलिमीटर दबला. सहा महिन्यांतला हा तिसरा बेल्ट. दरम्यान एक बॅटरी, एक रिकंडिशन, म्हणजे जुना दुरुस्त केलेला, अल्टरनेटर आणि एक वॉटर पंप गाडीत येऊन गेले होते. पंपाचं बेअरिंग का गेलं, हे त्या तीन मिलिमीटरवरूनच कळत होतं. ओढून बांधलेल्या बेल्टचा सगळा ताण बेअरिंगवर येतो. पण ओरडला बेल्ट की ताण, आणखी ओरडला की आणखी ताण, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. त्याहून वाईट म्हणजे बेल्टवर मारायचा स्प्रे. तो दोन दिवस आवाज दाबतो, मग धूळ धरतो आणि बेल्टच्या बाजूंवर चिकट थर बसवतो. या बेल्टवर तोही मारलेला होता.

आधी बॅटरीवर मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.२ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, म्हणजे ही अर्ध्यावरच होती. सुरू केल्यावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, १३.७. हेडलाइट आणि ब्लोअर लावताच १२.५. वेग वाढवला की बेल्ट किंचाळायचा आणि आकडा कसाबसा १३.२ वर जायचा.

मग पाण्याची बाटली. इंजिन चालू ठेवून, हात, बाही, चिंधी सगळं लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याची बारीक चिळकांडी मारायची. आवाज क्षणभर बंद पडून परत आला तर पुल्या एका रेषेत नसल्याचा संशय धरायचा. वाढला तर बेल्ट घसरतोय. इथे आवाज वाढला. पण तीन मिलिमीटर दबणारा बेल्ट घसरेल कसा?

घसरतोय याची खात्री कानावर सोडायची नसते. क्रँक आणि अल्टरनेटरच्या पुल्यांवर चमकत्या पट्टीचा एकेक तुकडा चिकटवला आणि ऑप्टिकल टॅकोमीटरने, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या मीटरने, मिनिटाचे फेरे मोजले. लोड (हेडलाइट, ब्लोअर) नसताना क्रँक ७८०, अल्टरनेटर १६४०, म्हणजे २.१ पट. लोड दिल्यावर क्रँक ७५०, अल्टरनेटर १३२०. पट उतरली १.७६ वर. दोन पुल्यांचं गुणोत्तर दिवे लावल्याने बदलत नाही, त्यामुळे हा १६ टक्क्यांचा फरक सरळ घसरणीचा. धडधाकट व्ही-बेल्टला एक-दोन टक्के माफ असतात. ही मोजणी पाच मिनिटांत होते आणि वाद संपवते. तरी ती कुणी करत नाही. टॅकोमीटर बहुतेक ठिकाणी खोक्यात पडून असतो.

बेल्ट उतरवला. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवली, पुढच्या बेअरिंगची बारीक खरखर बोटांना लागली. तेही ताणाचंच काम. खाचेत टॉर्च मारला तर तळ आरशासारखा चकचकीत. सगळी गोम तिथेच होती. व्ही-बेल्ट तळावर चालत नाही, तो खाचेच्या दोन तिरक्या भिंतींत पाचर मारल्यासारखा रुततो आणि त्या पाचरीवरच त्याची पकड असते. तळ कोरडा आणि मळकट दिसायला हवा. चकाकला म्हणजे बेल्ट खाली टेकलाय. टेकलेला बेल्ट कितीही ताणा, तो सपाट पट्ट्यासारखाच घसरणार.

कॅलिपर लावला. बेल्ट वरून १० मिलिमीटर रुंद, क्रँक आणि पंपाच्या पुल्याही त्याच मापाच्या. अल्टरनेटरची पुली मात्र १३ मिलिमीटर बेल्टची. बेल्टचा माथा पुलीच्या काठाशी किंवा जरासा वर दिसायला हवा. इथे तो तीन मिलिमीटर आत बुडाला होता. क्रँक पुलीवर सरळ पट्टी धरली तर अल्टरनेटरची पुली चार मिलिमीटर मागे होती. एवढ्या अंतराला मी दीड-दोनच्या वर जाऊ देत नाही. बेअरिंग आणि पंख्याच्या मधला स्पेसरच, म्हणजे अंतर राखणारी कडीच, पातळ होती. रिकंडिशन करणाऱ्याने हाताला लागली ती पुली आणि हाताला लागला तो स्पेसर चढवला होता.

आतलं काम मात्र त्याने नीट केलं होतं, हेही सांगायला हवं. मीटर एसी व्होल्टवर (उलटसुलट करंटच्या मापावर) ठेवून दोन हजार फेऱ्यांना, लोड देऊन, अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलवर मोजलं तर ०.०४ व्होल्ट आले. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं असतं तर एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला धरला असता. कार्बनचे ब्रशही लांब, म्हणजे न झिजलेले, होते.

योग्य मापाची पुली, जाड स्पेसर, नवं पुढचं बेअरिंग, नवा बेल्ट. पुलीचा नट सोडताना पंख्यात पेचकस अडकवू नये, पात वाकते आणि मग पंखा थरथरतो. शाफ्टच्या टोकाला ॲलन चावीची जागा असते, तिथे शाफ्ट धरायचा. बेल्ट ताणताना टॉमी (लोखंडी दांडा) अल्टरनेटरच्या पुढच्या जाड कवचाला लावायची, मागच्या पातळ झाकणाला नाही. ११ मिलिमीटर दबेल असा बसवला, १५ मिनिटं चालवला, थंड होऊ दिला आणि पुन्हा ताणला. नवा बेल्ट पहिल्या तासाभरात बसतो, हे विसरलं की महिन्याने गाडी परत येते. आता लोडवर पट २.०७. आवाज नाही.

इथे गाडी देऊन टाकता आली असती. पण बॅटरीवर लोडसह दोन हजार फेऱ्यांना १३.५५ होते आणि अल्टरनेटरच्या टर्मिनलपासून त्याच्याच अंगापर्यंत १४.१. मधले ०.५५ कुठे गेले? अल्टरनेटरचं टर्मिनल ते बॅटरीचा प्लस : ०.१५, चालण्यासारखं. अल्टरनेटरचं अंग ते बॅटरीचा मायनस : ०.४. हे ०.२ च्या आत हवं. मग इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा मायनस यांमध्ये मीटर ठेवून स्टार्टर मारला तर १.२ व्होल्ट. ०.३ सुद्धा मला जास्त वाटले असते.

बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी, विणलेली पट्टी हिरवी पडली होती, बोटाने चुरत होती. गिअरबॉक्सकडचा बोल्ट तर रंगावरच आवळलेला. मालकाने आठवून सांगितलं, दोनेक वर्षांपूर्वी क्लचचं काम झालं होतं. मी विचारलं, "ॲक्सिलरेटरची केबल कधी बदलली का?" ते दचकलेच. वर्षात दोनदा बदलली होती, पेडल जड व्हायचं म्हणून. अर्थची वाट अडली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या धातूतून परत जातो आणि केबलची तार तापून आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं. दोन केबली गेल्या, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

नवी पट्टी, दोन्ही टोकांना रंग खरवडून उघडा धातू, वर ग्रीसचा हात. स्टार्टर मारताना ०.१५. बॅटरीवर लोडसह १३.९.

आता घटनांचा क्रम उलगडून पाहतो तेव्हा चैन पडत नाही. अर्थ बिघडला म्हणून स्टार्टर संथ फिरायचा, तर बॅटरी बदलली. नवीही अर्धवटच भरायची, तर अल्टरनेटर बदलला. त्याच्याबरोबर चुकीची पुली आली, बेल्ट ओरडू लागला, तर ताणला. ताणामुळे पंप गेला. जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीने पुढच्या बिघाडाची सोय करून ठेवली, आणि ज्याने त्याने समोर दिसलं तेवढंच पाहिलं. मीही बेल्टपासूनच सुरुवात केली होती. १३.५५ हा आकडा घाईच्या दिवशी "ठीक आहे" म्हणून सोडून दिला असता, हे मला पक्कं माहीत आहे.

पहिला अल्टरनेटर बदल्यात जमा होऊन गेला. योग्य पुली आणि योग्य स्पेसर त्याच्यावरच होते. तो बहुधा चांगलाच असावा, पण आता मीटर लावायला तो हाती नाही.