केळीच्या पट्ट्यातून गुलमर्गला: कमी पैशात पुन्हा स्नोबोर्डवर

दिल्लीला नोकरीत होतो तेव्हा उत्तराखंडातल्या औलीला स्नोबोर्ड शिकलो, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरणं. नंतर रावेरला घरी परतलो. बाग, मजूर, मुलींच्या शाळा यात बोर्ड मागे पडला, पण ओढ गेली नाही. यंदा कापणी उरकल्यावर घरच्यांशी बोललो आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गुलमर्गला जाऊन आलो. निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "इतली थंडीमा कसाले जास रे भो?" ज्यांचे पाय एकदा बोर्डला लागले आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही. खानदेशातून अजून कोणी जाणार असेल, तर त्याच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पैसे मोजकेच होते, म्हणून आधीच ठरवलं की बूट आणि शिकवणारा या दोन गोष्टींवर हात आखडायचा नाही, बाकी सगळीकडे आखडायचा. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, वरचा टप्पा यादीतच धरला नाही. बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याला उंची लागत नाही. त्याला लागतो सौम्य उतार आणि त्यावर वारंवार घसरायची सोय, आणि गुलमर्गमध्ये नेमकं तेच सगळ्यात स्वस्त आहे.

जायला आपल्याकडून झेलम एक्स्प्रेस सोयीची. जळगाव आणि भुसावळ दोन्हीकडे थांबते आणि थेट जम्मू तवीला सोडते. स्लीपरचं भाडं हजाराच्या आत बसतं. गाडी आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास येते, त्यामुळे आरक्षण करताना तारीख दोनदा बघा. जम्मूहून बसने कटरा आणि तिथून श्रीनगरची वंदे भारत. ही गाडी जून 2025 पासून धावते आणि साधारण तीन तासांत पोहोचवते. हिवाळ्यात रामबनच्या बाजूला दरड कोसळली की महामार्ग अडतो आणि माणसं दिवसदिवस खोळंबतात. रेल्वेने ती धास्ती गेली. चिनाब पूल नदीपात्रापासून 359 मीटर उंच आहे, पण पुलाचा पट्टा क्षणात सरतो. मला जास्त भावला तो बनिहालचा अकरा किलोमीटरचा बोगदा. तो संपून गाडी काझीगुंडच्या बाजूला बाहेर पडली की खोरं समोर उघडतं.

श्रीनगरहून शेअर सुमोने तंगमर्गपर्यंत या. पुढचा 13 किलोमीटरचा चढ बर्फ पडलेला असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच होतो. मी तंगमर्गलाच राहिलो. गुलमर्गच्या मानाने खोल्या बऱ्याच स्वस्त, जेवण घरगुती, आणि रोज सकाळी वर जाणाऱ्या गाडीत जागा मिळते. फक्त परतीची गाडी अंधाराआधी धरावी लागते. दोन गोष्टी निघण्याआधीच करून ठेवा. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेव्हा घरातलं एक सिम बदलून घ्या. आणि रोख रक्कम जवळ ठेवा, कारण बर्फवृष्टीत नेटवर्कचा भरवसा नसतो.

कपड्यांवर मी फार थोडा खर्च केला. आपण कापूस पिकवणारी माणसं, पण बर्फात सुती काहीही अंगाला लागू देऊ नका. घामाने किंवा बर्फाने ओला झालेला कापूस वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत सिंथेटिक थर्मल, त्यावर हिवाळ्यात बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडचा लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर पावसाळी जॅकेट-पँट. ही रेनपँट शेतातली, पण दिवसभर बर्फात बसूनही आत थेंब गेला नाही. हातमोजे मात्र खास बर्फाचे, वॉटरप्रूफ घ्या. मनगटाचे गार्ड, मोटारसायकलवाले वापरतात तसे गुडघ्याचे गार्ड आणि गॉगल घरूनच न्या. हेल्मेट तिथे भाड्याने मिळतं.

आता बूट. दुकानदार आधी बोर्ड दाखवतो आणि बूट मापाने उचलून देतो. तुम्ही उलट करा. बूट आधी निवडा, आणि त्याला पुरेसा वेळ द्या. लोकरीचा एकच पातळ मोजा घाला, दोन नकोत. बूट बांधून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत. मग टाच उचलून बघा. बुटाच्या आत टाच उचलली जात असेल, तर तुम्ही पाय फिरवाल आणि बोर्ड फिरणार नाही. आतल्या अस्तराची दोरी वेगळी ओढावी लागते, ती बहुतेकांकडून राहते. मी चार-पाच जोड्या घालून पाहिल्या. बूट पटल्यावर बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डला बांधणाऱ्या पकडीच्या, पट्ट्या जोरात ओढून दाते धरतात का बघा, आणि बोर्डच्या कडेवर नख फिरवा. कड गंजलेली असेल तर कडक बर्फावर ती धरणार नाही. आठवडाभराचं भाडं एकदम बोला, रोजच्या भावापेक्षा बरंच उतरतं. बूट संध्याकाळी ओले होतातच. रात्री त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरा, बुखारीला, म्हणजे खोलीतल्या शेगडीला, चिकटवून ठेवू नका, सोल सुटतो.

पहिली सकाळ मी प्रशिक्षकाबरोबर घालवली. नोंदणी आहे का विचारा, ओळखपत्र दाखवायला सांगा, आणि पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस घ्या. परतणाऱ्याला तेवढं पुरतं. बोर्डच्या टाचेकडच्या कडेवरचं घसरणं शरीराला लवकर आठवलं, पायाच्या बोटांकडच्या कडेला मात्र वेळ लागला. फॉलिंग लीफ, म्हणजे त्याच कडेवर डावी-उजवी तिरकं उतरत राहणं, मी मनसोक्त केलं. ते कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका. बोर्ड सपाट पडला आणि उताराकडची कड रुतली की माणूस क्षणात आपटतो. परतणाऱ्यांना दुखापत बऱ्याचदा यातूनच होते. पुढे पडताना मुठी मिटून हाताच्या कोपरापुढच्या भागावर भार घ्या. मागे पडताना हनुवटी छातीला लावा.

खालच्या मैदानातल्या ड्रॅग लिफ्टचं, म्हणजे दोरीला लटकणाऱ्या तबकडीने उतारावर ओढून नेणाऱ्या लिफ्टचं, तिकीट अगदी हलकं आहे, पण ती लिफ्ट स्कीवाल्यांसाठी बनलेली आहे. बोर्डवाल्याने पुढचा पाय बांधायचा, मागचा मोकळा ठेवून बाइंडिंगला टेकवायचा, तबकडी मांड्यांमध्ये घ्यायची आणि तिच्यावर बसायचं नाही. भार पुढच्या पायावर ठेवून तिला ओढू द्यायचं. हे एकदा जमलं की दिवसभरात मिळणाऱ्या उतारांची संख्या कितीतरी वाढते. सकाळी लवकर बर्फ कडक असतो, दुपारी उन्हाने मऊ होतो, तेव्हा दहाच्या आधी घाई करू नका.

हात बसल्यावर एक दिवस गोंडोलाने पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला गेलो. तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं. तिथला उतार रुंद आहे, आणि त्या दिवशी आदल्या रात्रीचा ताजा बर्फ होता. बोटांकडच्या कडेवरून सलग वळणं लागली तेव्हा मी मोठ्याने ओरडलो. दुसरा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर अफरवटच्या डोंगरावर नेतो. तिथून खाली तयार केलेली वाट नाही. 1 फेब्रुवारी 2023 ला तिथल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि ते वापरायचं शिक्षण नसेल, तर खिशात पैसे असले तरी तिकडे जाऊ नका.

जेवणाला राजमा-भात आणि सकाळी बेकरीचा गिरदा, म्हणजे काश्मिरी रोटी, पुरे. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळीचे वेफर्स नेले होते. वेफर्समुळे लिफ्टवरच्या पोरांशी मैत्री झाली.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर प्लायची फळी ठेवून तोल साधायची सवय मी ओट्यावर केली. मांड्यांसाठी चढण्यापेक्षा उतरणं जास्त कामाचं. धुळ्याच्या बाजूला असाल तर लळिंगचा किल्ला त्याला फार चांगला आहे.

चिल्ल-ए-कलान, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, 21 डिसेंबरला सुरू होतं, पण आजकाल बर्फ उशिरा येतो. 2025 मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नसल्याने फेब्रुवारीतून मार्चला ढकलाव्या लागल्या. म्हणून खोलीचे पैसे आगाऊ भरू नका, रेल्वेचं तेवढं आरक्षण करा, आणि निघण्याच्या आठवड्यात तंगमर्गच्या खोलीवाल्याला फोन करून खाली मैदानात किती बर्फ आहे ते विचारा. वर अफरवटला किती आहे याचा तुम्हाला उपयोग नाही. आणि ज्याने बर्फावर कधीच पाय ठेवला नाही, त्याने सुटं सगळं जमवण्याऐवजी औलीला गढवाल मंडल विकास निगमचा किंवा गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचा कोर्स बघावा. परतीला झेलमचं तिकीट मिळालं नाही, तर दिल्लीपर्यंत येऊन पंजाब मेल, गोवा किंवा कर्नाटक एक्स्प्रेस धरा, तिन्ही भुसावळला थांबतात.