जीनच्या आधी क्रिएटिनिन बघा

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, टाकलेल्या माणसांची आमच्या देवगड तालुक्यात आता कमी नाही. कोणी कोल्हापूरला जाऊन आलेला, कोणी गोव्याला बांबोळीला, कोणी मुलाकडे मुंबईला गेला असताना तिकडेच उरकून आलेला. ऑपरेशन कुठेही होवो, पुढच्या गोळ्या माझ्याच मेडिकलमधून जातात. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या इकोस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिन) आणि क्लोपिडोग्रेल, किंवा दोन्हींची मिळून एक कॅप्सूल. त्यामुळे पेशंटला कार्डिओलॉजिस्ट वर्षातून दोनदा भेटतो आणि मी महिन्याला.

हल्ली काउंटरवर एक नवा प्रश्न येऊ लागलाय. परवा एक काका म्हणाले, "वैनी, झिलान सांगल्यान, ही गोळी माका लागू पडता की नाय, ता जीनची टेस्ट केल्यावरच कळतला. करूया काय?"

प्रश्न उगाच नाही. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निकामीच असते. लिव्हरमधली एन्झाइम्स तिला कामाची करतात, आणि त्यात सीवायपी२सी१९ नावाच्या एन्झाइमचा वाटा मोठा. हे एन्झाइम बनवणाऱ्या जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. त्यातली एखादी प्रत मंद निघाली तर गोळी कमी तयार होते. दोन्ही मंद असल्या तर अगदीच थोडी. मग प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकटायच्या त्या चिकटतात आणि स्टेंटमध्ये गुठळी व्हायची भीती राहते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मार्च २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला तो याच दोन्ही प्रती मंद असलेल्यांसाठी. युरोपात साधारण तीन-चार माणसांत एकाकडे निदान एक मंद प्रत सापडते. आपल्या भारतीयांत निम्म्याहून जास्त जणांत. म्हणजे काकांच्या मुलाची काळजी रास्त आहे.

पण नुसता जीन बघून काही ठरत नाही. २०२० साली एबीसीडी-जीन नावाचा स्कोअर आला. गणित पाचवीच्या पोराला जमेल असं आहे. वय पंचाहत्तरच्या वर असेल तर ४ गुण. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तीसच्या वर, ४. किडनीचा जीएफआर, म्हणजे रक्त गाळण्याचा वेग, साठच्या खाली, ३. डायबेटीस, ३. जीनची एक प्रत मंद, ६. दोन्ही मंद, २४. बेरीज दहा किंवा जास्त झाली तर क्लोपिडोग्रेल घेऊनही प्लेटलेट आटोक्यात न राहण्याची शक्यता बरीच.

आता काकांचं गणित मांडा. वय एकसष्ट, अंगकाठी शिडशिडीत, किडनी ठीक, डायबेटीस आहे. झाले तीन. जीनची एक प्रत मंद निघाली तरी नऊ. दहाच्या आतच. दोन्ही मंद निघाल्या तरच चित्र पालटेल, आणि तसे लोक आपल्याकडे साधारण दहात एक. टेस्ट करू नका असं मी म्हणत नाही. पण काही हजार रुपये घालवून हाती काय लागणार ते आधी कळलेलं बरं. शिवाय सॅम्पल मुंबई-पुण्याला जाणार, रिपोर्टला दिवस लागणार, आणि स्टेंट बंद पडण्याचा सगळ्यात मोठा धोका पहिल्याच महिन्यात असतो. काकांचा स्टेंट दोन वर्षांपूर्वीचा. हे ऐकल्यावर त्यांनी मुलाला तिथूनच फोन लावला. पुढचं मालवणी इथे लिहिण्यासारखं नाही.

याच्या अगदी उलट केस एका आक्कांची. सत्त्याहत्तर वय, डायबेटीस जुना. सूनबाईंनी हॉस्पिटलची फाइल असलेली प्लास्टिकची पिशवी काउंटरवर उपडी केली. डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं स्टिकर, घरी कुणालाही लावता न येणारी अँजिओग्राफीची सीडी, आणि मधेच चुरगळलेला लॅब रिपोर्ट. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, १.२. लॅबने तो आकडा ठळक छापलेला नाही, कारण त्यांच्या नॉर्मलच्या रांगेत तो बसतो. पण सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ म्हणजे जीएफआर पन्नासच्याही खाली. वयाचे चार, किडनीचे तीन, डायबेटीसचे तीन. झाले की दहा! जीन कुणी बघितलासुद्धा नाही.

मग आक्कांना जोरदार गोळी द्यावी का? क्लोपिडोग्रेलच्या जागी टिकाग्रेलॉर आहे, प्रासुग्रेल आहे. दोन्हींना या एन्झाइमची तशी गरज नाही. इथे दुसरा स्कोअर आडवा येतो. प्रिसाइज-डॅप्ट हा २०१७ चा. इकोस्प्रिन आणि तिच्या जोडीची गोळी अशा दोन गोळ्या किती काळ चालवायच्या हे ठरवताना रक्तस्रावाचा धोका मोजतो. तो काय विचारतो? वय, किडनी, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, पूर्वी कधी रक्तस्राव झाला होता का. पंचवीस किंवा वर गेलात की धोका जास्त. म्हणजे ज्या वयाने आणि ज्या किडनीने आक्कांना गुठळीच्या बाजूला ढकललं, तीच दोन्ही त्यांना रक्तस्रावाच्याही बाजूला ढकलतात. त्यात हिमोग्लोबिन ९.८. दुसऱ्या एका निकषावलीत तर अकराच्या खालचं हिमोग्लोबिन एवढं एकच कारण 'रक्तस्रावाचा मोठा धोका' म्हणायला पुरतं. हा निवाडा कार्डिओलॉजिस्टने करायचा, मी नाही. पण ही दोन्ही गणितं समोरासमोर मांडल्याशिवाय कुणी नुसती 'स्ट्राँग गोळी' मागायला लागला तर मला धडकी भरते.

काळ्या शौचाबद्दल मी प्रत्येकाला विचारते. लाजतात, विशेषतः बायका. पोटात रक्तस्राव होत असेल तर शौच डांबरासारखं काळं, चिकट होतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, म्हणून आधी तीही चालू आहे का ते विचारायचं.

आणि हे जे कुठल्याच स्कोअरमध्ये नाही ते सांगते. जुलैत भाताची लावणी. चार दिवस चिखलात वाकून झालं की पाचव्या दिवशी सगळा गाव कंबर धरून माझ्या दारात. "एक डायक्लो दे गो." इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेलवर वरून डायक्लोफिनॅक म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, त्यावरून माणसं रागावून दुसरीकडे जातात. जावोत. पुढचा प्रकार गॅसच्या गोळीचा. ओमेप्राझोल आणि एसओमेप्राझोल त्याच सीवायपी२सी१९ ला अडवून धरतात. म्हणजे जीन ठणठणीत असलेला माणूससुद्धा घरातल्या दुसऱ्या कुणाची गॅसची गोळी रोज ढापून आपली क्लोपिडोग्रेल मंद करून घेतो. पँटोप्राझोलचा हा त्रास खूप कमी, म्हणून डॉक्टर सहसा तीच लिहितात.

मोठ्या गोळ्यांचंही एक-दोन वाक्यांत. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यायची असते, आणि काहींना तिने दम लागल्यासारखं होतं. पेशंटला वाटतं हार्टच पुन्हा बिघडलं. पूर्वी पक्षाघात किंवा तसा छोटा झटका येऊन गेला असेल तर प्रासुग्रेल चालत नाही. वजन साठ किलोच्या आत असेल तर तिचा डोसही बऱ्याचदा निम्म्यावर आणतात. आमच्याकडे आंब्याच्या कलमांवर आणि होड्यांवर राबलेली म्हातारी माणसं पन्नास-पंचावन्न किलोची असतात. स्कोअरमधला तीसचा बीएमआय त्यांना क्वचितच लागतो. तो आकडा मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या पेशंटवरून आलाय. आपल्याकडे लठ्ठपणा पंचवीसपासून मोजतात. डिस्चार्ज कार्डावर वजनाची रेघ मात्र मी अनेकदा कोरीच पाहिलीय.

जीनची टेस्ट वाया जाते असंही नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या बाजूला २,४८८ पेशंटवर झालेल्या पॉप्युलर जेनेटिक्स अभ्यासात जीन बघून ज्यांना क्लोपिडोग्रेल चालते त्यांना तीच दिली, तर रक्तस्राव कमी झाले आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. पुढच्याच वर्षी ५,३०२ जणांचा टेलर-पीसीआय आला. मंद प्रतवाल्यांना टिकाग्रेलॉर दिल्याचा फायदा दिसला, पण सिद्ध म्हणण्याइतका ठरला नाही, थोडक्यात हुकला. म्हणून मी म्हणते, आधी फुकटचं गणित करा. ते दहाच्या आसपास रेंगाळत असेल तर टेस्टबद्दल डॉक्टरांशी बोला.

येताना एवढं करा. ब्लेडने कापलेल्या पट्टीचा 'ग्रेल ७५' एवढाच तुकडा दाखवून "हीच गोळी दे" म्हणू नका. फाइल आणा, ताजं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन आणा. आणि दात काढायचा असेल तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पाच दिवस आधी गोळी बंद करू नका. आधी डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरला फोन लावा, हवा तर माझ्या दुकानातून लावा.