मेल सर्व्हरचे अडकलेले दहा सेकंद: आतापर्यंतची नोंद

आजची स्थिती आधी सांगतो. सर्व्हरच्या पोर्ट २५ ला, म्हणजे मेल घेण्याच्या दाराला, जोडणी केली की २२० चा बॅनर (सर्व्हरची स्वागताची पहिली ओळ) आता लगेच दिसतो. यापूर्वी त्याला दहा सेकंद लागत होते. रचना साधी आहे: डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) चालणारं एक छोटं मशीन, त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पाठवणारा) आणि डव्हकॉट (आलेली मेल वाचायला देणारा), आणि त्याला मेल देणारे दोन-तीन लॅपटॉप, एक स्कॅनर आणि देखरेखीचं एक मशीन. खरा त्रास स्कॅनरला होता. आरएफसी ५३२१ (मेल पोचवण्याचे प्रमाण नियम) नुसार पहिल्या २२० साठी क्लायंटने, म्हणजे जोडणी करणाऱ्याने, पाच मिनिटं थांबायला हवं, पण स्कॅनर तेवढा धीर धरत नाही. तो मध्येच जोडणी तोडायचा आणि पानं मेलने पोचायचीच नाहीत.

पिंग एक मिलिसेकंदाच्या आत, सीपीयू मोकळा, डिस्क शांत. टेलनेटने (हाताने जोडणी करून बघायचं साधन) पोर्ट २५ उघडून पाहिलं तर टीसीपीची जोडणी क्षणात होत होती. त्यानंतर काहीच नाही, आणि मग बॅनर. बॅनर आल्यावर पुढचं सगळं संभाषण झरझर पार पडत होतं. म्हणजे नेटवर्क सुटलं, स्पॅम फिल्टरही सुटला, कारण तो मजकूर आल्यावर काम करतो. उरली ती जोडणी आणि बॅनर यांच्यामधली पोकळी.

या पोकळीची लांबी हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे, असं माझं ठाम मत झालंय. मशीन ओझ्याखाली असेल तर उशीर कमीजास्त होतो, कधी तीन सेकंद, कधी आठ. पण तोच आकडा पुन्हापुन्हा येत असेल, तर कुणीतरी न येणाऱ्या उत्तराची वाट बघत बसलंय आणि शेवटी त्याचा टायमर संपतोय. मग सेटिंग चाळत बसण्यापेक्षा हा टायमर कुणाचा, एवढंच शोधायचं. लिनक्सच्या रिझॉल्व्हरची (नावांवरून पत्ते आणि पत्त्यांवरून नावं शोधणारा भाग) मूळ सेटिंग आहे एका प्रयत्नाला ५ सेकंद आणि एकूण २ प्रयत्न. त्याच्या रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये एकच नेमसर्व्हर (अशा चौकशांना उत्तर देणारा) असेल आणि तो गप्प असेल, तर बरोबर दहा सेकंद जातात. दोन लिहिलेले असतील आणि पहिलाच गप्प असेल, तर पाच.

पोस्टफिक्स बॅनर देण्याआधी समोरच्या आयपीचं नाव विचारतो, म्हणजे पीटीआर नोंद शोधतो. नाव मिळालं तर ते नाव त्याच आयपीकडे परत येतं का, हेही तपासतो. सर्व्हरवर पोर्ट ५३ साठी, म्हणजे नाव-पत्ता शोधणाऱ्या डीएनएसच्या चौकशांसाठी, टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला आणि दुसऱ्या खिडकीतून जोडणी केली. १९२.१६८ च्या (खाजगी) पत्त्याची उलटी चौकशी, म्हणजे पत्त्यावरून नावाची, राउटरकडे गेली. उत्तर नाही. पाच सेकंदांनी तीच चौकशी पुन्हा, पुन्हा उत्तर नाही. आणखी पाच सेकंदांनी बॅनर, आणि लॉगमध्ये क्लायंटच्या नावाच्या जागी ‘अननोन’. इतका स्वच्छ पुरावा क्वचित हाती लागतो! बाहेरच्या नावांना राउटर झटपट उत्तरं देत होता, म्हणूनच इतके दिवस डीएनएसवर कुणाचा संशय गेला नव्हता. खाजगी पत्त्यांच्या उलट्या चौकशा मात्र तो गिळून टाकत होता. ‘असं नाव नाही’ एवढं जरी त्याने कळवलं असतं, तरी बॅनर लगेच आला असता.

पोस्टफिक्समध्ये एसएमटीपीडी_पीअरनेम_लुकअप ही नाव शोधण्याची सेटिंग बंद करता येते. तसं केलं की उशीर जातो, पण मग बाहेरून येणारा प्रत्येक सर्व्हरही ‘अननोन’ ठरतो आणि नावावर आधारलेले सगळे नियम निकामी होतात. मला तो मार्ग पटला नाही. त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस सर्व्हर बसवला. खाजगी पत्त्यांच्या उलट्या चौकशांचं उत्तर तो मुळातच स्वतः देतो, बाहेर विचारायला जात नाही. वर प्रत्येक यंत्रासाठी पत्त्याची आणि पीटीआरची अशा दोन्ही नोंदी घातल्या, त्यामुळे लॉगमध्ये आता खरी नावं दिसतात. यंत्रं चार-पाचच असतील तर होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) ओळी टाकूनही भागतं.

इथे एक खाच आहे. गेटएंट या आज्ञेने विचारल्यावर नाव क्षणात मिळू लागलं, तरी पोस्टफिक्स दहा सेकंदच घेत होता. माझ्या डेबियनवर एसएमटीपीडी (पोस्टफिक्सचा जोडण्या घेणारा भाग) क्रूटमध्ये, म्हणजे एका डिरेक्टरीत कोंडलेला, चालतो आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ, होस्ट्स या फाइलींची स्वतःची प्रत पोस्टफिक्सच्या स्पूल डिरेक्टरीखालच्या ईटीसीमध्ये ठेवतो. ही प्रत सेवा सुरू होताना घेतली जाते. सेवा पुन्हा सुरू केली आणि दहा सेकंदांचा उशीर नाहीसा झाला. डीएनएस बदलून फरक पडला नाही असं वाटलं, तर आधी ती प्रत उघडून बघा.

देखरेखीच्या मशीनला मात्र अजून सहा सेकंद लागत होते. आकडा वेगळा, म्हणजे टायमरही वेगळा. पोर्ट २५ वर पोस्टस्क्रीन आहे, म्हणजे स्पॅम पाठवणारे प्रोग्रॅम दारातच अडवणारा पोस्टफिक्सचा भाग. अनोळखी क्लायंट बॅनर पुरा होण्याआधीच बोलू लागतो का, हे बघायला तो ६ सेकंद थांबतो. ओळखायची खूण सोपी आहे: २२० नंतर लगेच संयोगचिन्ह असलेली ओळ ताबडतोब येते आणि खरी ओळ सहा सेकंदांनी. मायनेटवर्क्स या विश्वासातल्या यादीमधल्या पत्त्यांना ही परीक्षा द्यावी लागत नाही, पण हे मशीन वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) आहे. तो सबनेट यादीत घालण्याऐवजी मशीनला लॉगिनसह पोर्ट ५८७ वर हलवलं. आपल्याच यंत्रांनी मेल तिथूनच द्यावी, पोर्ट २५ सर्व्हरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीसाठी राहू द्यावं.

एक लॅपटॉप बाकी आहे. आयमॅपची (मेल वाचण्याची) पहिली जोडणी व्हायला त्याला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. लिनक्स कर्नल उत्तर न देणाऱ्या पत्त्याला सिन पॅकेट (जोडणीची पहिली विनंती) पुन्हापुन्हा पाठवतो आणि मूळ सेटिंगनुसार सुमारे १२७ सेकंदांनी हार मानतो. मोजलेला वेळ याच्याशी जुळतो. सर्व्हरच्या नावाला जुन्या प्रीफिक्सची (पत्त्याच्या सुरुवातीच्या भागाची) आयपीव्ही६ नोंद अजून चिकटलेली आहे, आणि मेल क्लायंट आधी तोच पत्ता धरून बसतो. नंतर आयपीव्ही४ वर येतो आणि लगेच जोडला जातो. आता सर्व्हरला एफडी ने सुरू होणारा स्थानिक आयपीव्ही६ पत्ता द्यायचा आणि अनबाउंडमध्ये तोच नोंदवायचा, म्हणजे बाहेरचा प्रीफिक्स बदलला तरी घरातल्या नोंदी टिकतील. ते झालं की डव्हकॉट त्या पत्त्यावर ऐकतोय का आणि फायरवॉल आयमॅपच्या पोर्ट ९९३ वर आयपीव्ही६ सोडतोय का, हे तपासून आकडे इथे टाकतो.